बारा बत्तीस

विट्याच्या आसपासच्या गावांत दहावीचा निकाल लागला, की पेढे संपायच्या आत बऱ्याच पोरांची रेल्वेची तिकिटं काढून झालेली असतात. कुणी कोइमतूरला, कुणी पाटण्याला, कुणी गुवाहाटीला. तिथं मामाचं नाहीतर चुलत्याचं गलाईचं दुकान असतं. सराफांकडचं मोडीचं सोनं-चांदी वितळवायचं, टंच काढायचा, शुद्ध करून परत द्यायचं, असा हा धंदा. खानापूर, आटपाडी, माण, खटाव हा सगळा पट्टा दुष्काळी. पण देशातल्या कुठल्याही मोठ्या सराफ बाजारात जा, मागच्या गल्लीत आमच्याकडचा माणूस भट्टीपुढं बसलेला सापडतो.

या पट्ट्यातल्या एका माध्यमिक शाळेत मी विज्ञान शिकवलं. माझ्या वर्गातून अकरावी सायन्सला गेलेली मुलं मोजायला फार वेळ लागत नसे. बाकीच्यांत गलाईला जाणारी, शेतात राहणारी, एमआयडीसीत चिकटणारी मुलं आणि लवकर सासरी जाणाऱ्या मुली. शाळेच्या फलकावर नावं लागायची ती पहिल्या गटाची. मला पगार मात्र सगळ्यांना शिकवण्याचा मिळत होता.

कोठारी आयोगाने (१९६४-६६) पहिली दहा वर्षं विज्ञान आणि गणित सगळ्यांना सक्तीचं असावं, अशी शिफारस केली होती. १९७६च्या घटनादुरुस्तीने वैज्ञानिक दृष्टिकोन बाळगणं हे नागरिकाचं कर्तव्य ठरवलं. म्हणजे कागदावर विज्ञान सगळ्यांचं झालं. पण कपडा शिवला गेला तो अकरावीत जाणाऱ्याच्या मापाने. नववीचा पाठ दहावीच्या पाठाचा पाया म्हणून लिहायचा, दहावीचा अकरावीचा. ज्याचं विज्ञानाचं पुस्तक दहावीनंतर कायमचं मिटणार आहे, त्याच्या हातात या पाठातून काय राहिलं, हे विचारणारा प्रश्न मला कुठल्याही स्वाध्यायात दिसला नाही.

प्रात्यक्षिकांचं तर बोलूच नये. दहावीला विज्ञान आणि तंत्रज्ञानाचे दोन भाग, ४०-४० गुणांचे, आणि प्रात्यक्षिकाचे २०. हे २० गुण पावसासारखे सगळ्यांच्या अंगावर सारखेच पडतात, निदान मी पाहिलेल्या शाळांत तरी. प्रयोगवही शेजारच्या वहीवरून उतरलेली असते आणि निरीक्षणाचा रकाना प्रयोगाआधीच भरलेला असतो. आमच्या कपाटातल्या परीक्षानळ्यांना तडे जायचे ते धुण्यापुसण्यात, वापरण्यात नव्हे.

म्हणून मी सामान न लागणारे प्रयोग शोधायला लागलो. त्यातला काठीच्या सावलीचा प्रयोग मी आठवीला द्यायचो. मैदानात एक मीटरची सरळ काठी ओळंबा लावून उभी करायची, अकरापासून दीडपर्यंत दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खडा ठेवायचा आणि सावली सर्वांत आखूड कधी झाली ते लिहायचं. डिसेंबरच्या अखेरीस आमच्याकडे ती वेळ येते बारा वाजून बत्तीस मिनिटांच्या आसपास. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखावृत्ताची. आम्ही त्याच्या पश्चिमेला सुमारे आठ अंशांवर. पृथ्वीला एक अंश वळायला चार मिनिटं लागतात. आठ चोक बत्तीस. आठवीच्या मुलाला जड जाईल असं यात काही नाही.

मुलांनी खडे नीट ठेवले, तक्ते नीट भरले आणि निष्कर्षात लिहिलं, ‘दुपारी १२ वाजता सावली सर्वांत लहान असते.’

एका गटाने तर तक्त्यातल्या सगळ्या वेळा खोडून अर्ध्या तासाने मागं सरकवल्या होत्या. विचारलं तर गटप्रमुख म्हणाला, “सर, आमचं घड्याळ पुढं असंल.” घड्याळ त्याच्या मनगटावर होतं आणि माझ्या मोबाईलशी मिनिटाला जुळत होतं.

याला लबाडी म्हणता येणार नाही. शाळेत इतकी वर्षं जे शिकवलं तेच ती मुलं करत होती. पुस्तक आणि डोळे यांचं जमलं नाही, तर डोळ्यांना नापास करायचं.

आणि हे काही पोरांपुरतंच नाही. २१ सप्टेंबर १९९५ला देशभर गणपती दूध प्यायला लागले, तेव्हा आमच्या भागातले चांगले बी. एस्सी., बी. एड. झालेले लोक चमचा-वाटी घेऊन रांगेत उभे होते. पृष्ठताण त्यांनी शिकलेला होता, शिकवलेलाही होता. भरलेला चमचा दगडाला टेकवला की कडेवरचं दूध दगडाकडे ओढलं जातं आणि पातळ थराने खाली उतरतं. सातवीतल्या एका मुलाने संध्याकाळी घरचा वरवंटा उभा करून त्याला दूध पाजलं. वरवंटाही प्यायला. आजीने पाठीत धपाटा घातला, तो दूध सांडलं म्हणून की देवाची बरोबरी केली म्हणून, हे त्यालाही कळलं नव्हतं.

तर बारा बत्तीस. मी उत्तर सांगितलं नाही. उद्या पुन्हा मोजा, म्हटलं. पुन्हा तेच आलं. काठी वाकडी असेल म्हणून ओळंबा तपासला, जमीन उताराची असेल म्हणून पाटावर पाणी ठेवून पाहिली. दोनतीन दिवसांनी एका मुलीने विचारलं, “सर, सगळ्या देशात घड्याळ एकच, पण सूर्य तर सगळीकडं एकदम वर येत नसंल?” तिचे चुलते गुवाहाटीला गलाईत. हिवाळ्यात तिथं साडेचारलाच अंधारून येतं, असं तिनं घरी ऐकलेलं होतं.

मग वर्गाने जे केलं त्याची कल्पना मला आधी सुचली नव्हती. ज्याचं-त्याचं गलाईतलं माणूस हुडकून फोन झाले. काकांनो, गच्चीत एक सळई उभी करा आणि सावली कधी आखूड होते ते सांगा. भट्टीवरची माणसं, त्यांना काय वाटलं असेल कोण जाणे. पण घरच्या पोरांनी विचारलं म्हणून केलं. गुवाहाटीहून अकरा वीस-पंचवीस आले. पाटण्याहून बाराला दहा कमी. कोइमतूरहून बारा वीस. एका शहरातून बरोबर बारा आले, पण ते काकांनी सळई न लावताच सांगितलं असावं, असा मुलांना संशय आला. कारण ते गाव आमच्याही पश्चिमेला होतं! नकाशा भिंतीला लावला, वेळा लिहिल्या, आणि पूर्वेकडून पश्चिमेकडे त्या कशा वाढत जातात हे मुलांच्या डोळ्यांसमोर आलं. त्या संशयित काकांना पुन्हा फोन गेला. मला सगळ्यांत जास्त आनंद झाला तो या दुसऱ्या फोनचा.

फेब्रुवारीत तीच काठी पुन्हा लावली तर सावली पावणेएकला आखूड झाली. आता पुन्हा गोंधळ. पृथ्वीची कक्षा पूर्ण गोल नाही आणि तिचा आस कललेला आहे, म्हणून हा फरक पडतो, असं मी सांगितलं. पण हेही सांगितलं, की हे तुम्ही आत्ता मोजून पडताळू शकत नाही, माझ्यावर आणि पुस्तकावर विसंबून घेताय. तेव्हापासून आमच्या विज्ञानाच्या वहीत दोन रकाने पडले. एक ‘मोजलेलं’, दुसरा ‘सांगितलेलं’. दुसरा रकाना कमी प्रतीचा नव्हता. विज्ञानातलं बहुतेक सगळं आपण दुसऱ्याचंच ऐकून घेतो, मीही घेतो. फक्त कुठली गोष्ट कुठल्या रकान्यातली, हे माहीत असावं आणि सांगणाऱ्याने ते कशावरून सांगितलं, हे विचारायची सवय असावी. दहावीनंतर पुस्तक मिटणाऱ्या मुलासाठी मला एवढंच हवं होतं. एवढंच म्हणतोय, पण हे ओहमचा नियम शिकवण्याहून अवघड निघालं.

जाता जाता एक गंमत. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत आमच्याकडे भर मध्यान्हीची सावली दक्षिणेला पडते, कारण सूर्य डोक्याच्या उत्तरेला गेलेला असतो. कोकणातल्या शाळांना जुलैत ऊन दिसत नाही. आमचा दुष्काळ इथं कामाला आला.

करून शिकण्याची ही रीत काही माझा शोध नव्हे. मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यातल्या १६ शाळांत १९७२ साली किशोर भारती आणि रसूलियाचं फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी विज्ञान शिक्षणाचा कार्यक्रम सुरू केला. सहावी ते आठवीची मुलं टोळ्या करून प्रयोग करायची, ‘बाल वैज्ञानिक’ नावाच्या पुस्तकांत तयार उत्तरं नसायची, निरीक्षणं मुलांनीच भरायची. १९८२ला एकलव्य संस्था उभी राहिली आणि तिने हे काम पुढे नेलं. मुलांना प्रश्न पडला की ती सवालीरामला पत्र लिहायची. हा सवालीराम म्हणजे कुणी एक माणूस नव्हे, पण पत्रांना उत्तरं जायची. आपल्याकडे १९७४ला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र सुरू झालं आणि जळगाव जिल्ह्यातल्या खिरोद्याच्या परिसरात त्यांनी ग्रामीण शाळांबरोबर काम केलं. अरविंद गुप्ता होशंगाबादेत असताना आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची नळी यांच्या जोडकामाचा खेळ घेऊन आले, आणि पुढे पुण्यात आयुका या संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान केंद्रातून त्यांची खेळणी महाराष्ट्रभर गेली.

त्या आगकाड्यांची कार्यशाळा आमच्या तालुक्यातही झाली. शिक्षक लहान मुलांसारखे रमले, मीही. महिन्याभराने चौकशी केली तर बहुतेकांनी खेळणी शनिवारच्या दप्तराविना शाळेसाठी राखून ठेवली होती. सोमवारपासून व्याख्या. खेळण्यांची यात काही चूक नाही. परीक्षेच्या वाटेला न जाणारी सुधारणा सगळ्यांना आवडते, विज्ञान प्रदर्शनासारखी. दर वर्षी तोच व्हिनेगर-सोड्याचा ज्वालामुखी, तेच पाणी अडवा-पाणी जिरवाचं थर्माकोलचं गाव, आणि पाठ केलेलं भाषण म्हणणारी इस्त्रीच्या गणवेशातली दोन मुलं.

होशंगाबादचं मला अप्रूप वाटलं ते त्यांच्या परीक्षेचं. तिथं परीक्षेला पुस्तक-वही उघडून बसायला परवानगी होती, आणि लेखीबरोबर प्रत्यक्ष प्रयोगाचीही परीक्षा होती. पुस्तकात ज्याचं उत्तर छापलेलं नाही, असं विचारायचं म्हटल्यावर पुस्तक झाकून काय मिळणार? तो कार्यक्रम तीस वर्षं चालला आणि २००२ला राज्य सरकारने बंद केला. त्याच्या कारणांवर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. मला त्यातून एवढंच दिसतं, की काही जिल्ह्यांतली मुलं वेगळी परीक्षा देतात, ही गोष्ट व्यवस्थेला फार काळ झेपत नाही.

नववी-दहावीत माझे हात बांधलेले होते, पण आठवीपर्यंतची प्रश्नपत्रिका शाळेच्या हातात होती. तिथं मी हात मोकळे करून घेतले. त्याआधी पाण्याचं सांगतो, कारण प्रश्न तिथून आले.

गावात पाण्याच्या टाकीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकतात आणि ओटी टेस्ट घेतात, हे सगळ्यांना माहीत असतं. नळीत पाणी घ्यायचं, ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकायचे, पिवळं झालं तर क्लोरिन आहे. शेवटच्या नळापर्यंत लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरिन उरलेला असावा, असा दंडक आहे. ग्रामपंचायतीच्या पाणीपुरवठा कर्मचाऱ्याला विनंती करून आम्ही त्याच्याबरोबर फिरलो. थेंब मी टाकायचो, ते रसायन पोरांच्या हाताला लागू नये म्हणून. नोंद पोरं करायची. टाकीजवळच्या आळीत पाणी छान पिवळं झालं, मधल्या गल्लीत फिकं आणि टोकाच्या वस्तीवर नुसतं पाण्यासारखं पाणी. रांजणात रात्रभर ठेवलेलं पाणी तर टाकीशेजारच्या घरातही पिवळं होईना.

एका आजीने पिवळी नळी बघून हंडाच ओतून दिला. “एवढं काविळीसारखं पाणी पोरांना पाजू व्हय?” मुलांनी तिला समजावलं, पण तिची समजूत पटली असं मला वाटत नाही. तिच्या दृष्टीने तिने प्रयोग पाहिला होता आणि निष्कर्ष काढला होता. पिवळं म्हणजे खराब. मग वर्गात उलटा वाद झाला. पिवळं झालं नाही म्हणजे टोकाच्या वस्तीचं पाणी खराब का? नाही. क्लोरिन संपलाय एवढंच कळलं. जंतू आहेत की नाहीत, हे या थेंबांना माहीत नाही. त्यासाठी वेगळी बाटली असते, ती पाणी भरून ठेवली आणि दिवसा-दोन दिवसांत काळी पडली तर विष्ठेतून आलेल्या जंतूंचा संशय घ्यायचा. आणि तोही संशयच. एका चाचणीने किती सांगता येतं आणि कुठं थांबायचं, हे मला तासिका-तासिका फळ्यावर लिहून जमलं नसतं.

क्लोरिन वाटेत का संपला, याचा शोध मुलांनी घेतला तो मजेशीर होता. पाइपाची गळती, जुनी लाइन अशी कारणं पुढं आली. शेवटी एकाने टीसीएलचं पोतं बघितलं. ते तोंड उघडं ठेवून पंपघराच्या ओलीत पडलेलं. ताज्या पावडरीत सुमारे ३३ टक्के क्लोरिन असतो आणि हवा-ओल लागली की तो उडून जातो. चमचे तेवढेच पडत होते, जोर गेला होता. पोतं आता डब्यात ठेवतात. टोकाच्या वस्तीवर पुढं काय झालं, हे सांगण्याइतक्या नोंदी मात्र झाल्या नाहीत, कारण थेंबांची बाटली संपली आणि दुसरी मिळायला पुढलं वर्ष उजाडलं.

गलाईचा एक मुलगा यात्रेला गावी आला होता. दहावीला विज्ञानात जेमतेम पास झालेला. त्याला दहावीच्या वर्गावर बोलवलं. आधी लाजला, मग तासभर बोलला. मोडीचा दागिना भरपूर चांदी मिसळून वितळवायचा आणि मग तेजाबात, म्हणजे नायट्रिक आम्लात टाकायचा. चांदी आणि तांबं विरघळतं, सोनं तळाला राहतं. तपकिरी धूर निघतो. त्या धुराचं त्यानं नीट सांगितलं. संध्याकाळपर्यंत माणूस ठणठणीत असतो आणि रात्री श्वास लागतो, म्हणून धूर छातीत गेला की लगेच दवाखाना गाठायचा, बरं वाटतंय म्हणून बसायचं नाही. “धूर गेला की गूळ खावा म्हंत्यात, सर. मीबी खातो.” वर्गातून आवाज आला, “सांगितलेलं!” तो गोंधळला, पोरं हसली.

मग विरघळलेली चांदी परत कशी काढायची, ते आलं. द्रावणात तांब्याची पट्टी सोडली की चांदी खाली बसते. तो म्हणाला, “सर, हे पुस्तकात हुतं का?” होतं. धातूंची अभिक्रियाशीलता श्रेणी. त्यानं ती परीक्षेला उतरत्या क्रमाने लिहिलीही असणार. एका मुलाने विचारलं, “लोखंड तांब्यापेक्षा स्वस्त आहे आणि श्रेणीत वर आहे, मग लोखंडाची पट्टी का नाही टाकत?” मी तोंड उघडायच्या आत पाहुणा म्हणाला, “लोखंड टाकलं तर तांबंबी खाली येतं की. चांदी घाण हुती.” श्रेणी ही यादी नसून निवड करण्याचं हत्यार आहे, हे त्या वर्षीच्या वर्गाला त्याच्याकडून कळलं.

आता प्रश्नपत्रिका. आठवीच्या संकलित परीक्षेत मी एक प्रश्न असा टाकायला लागलो, की ज्यात खऱ्या नोंदींचा छोटा तक्ता असेल. पाच घरांच्या पाण्याच्या नोंदी देऊन विचारायचं, यावरून काय ठामपणे म्हणता येईल, काय म्हणता येणार नाही आणि आणखी काय मोजावं लागेल. पहिल्या खेपेला बहुतेकांनी जागा कोरी सोडली. काहींनी क्लोरिनचे गुणधर्म लिहिले. नेहमी पहिल्या येणाऱ्या एका मुलीचे पालक उत्तरपत्रिका घेऊन आले, “हे पुस्तकातल्या कुठल्या पानावर आहे ते दाखवा.” त्यांचा राग मला रास्त वाटला. मुलगी ज्या शर्यतीत उतरली होती तिचे नियम मी मधेच बदलले होते. मुख्याध्यापकांनी माझी बाजू घेतली, पण पाच गुणांच्या वर जायचं नाही, या अटीवर.

आमच्या केंद्रशाळेच्या शिक्षण परिषदेत हा प्रश्न मी सहकाऱ्यांसमोर ठेवला तेव्हा पहिली विचारणा झाली ती उत्तरसूचीची. ती देता येते, फक्त वेगळ्या तऱ्हेने लिहावी लागते. नोंदीचा आधार दिला तर एक गुण, नोंदीपलीकडचं ठासून सांगितलं तर तो गुण जाईल, पुढची योग्य मोजणी सुचवली तर दोन. आम्ही चारपाच शिक्षकांनी त्याच उत्तरपत्रिका वेगवेगळं बसून तपासल्या. सुरुवातीला गुणांत मोठा फरक आला, मग उदाहरणादाखल काही उत्तरं समोर ठेवून चर्चा केल्यावर फरक बराच आटोक्यात आला. म्हणजे हे तपासता येत नाही, ही सबब टिकत नाही. वेळ मात्र जास्त लागतो.

नवा अभ्यासक्रम, नवं पुस्तक, नवं धोरण येतं तेव्हा माझं मागणं एकच असतं, आणि निवृत्त झाल्यावरही मी ते संधी मिळेल तिथं मांडतो. दहावीच्या ८० लेखी गुणांतले फक्त १० अशा अनोळखी तक्त्याला द्या. बाकी ७०मध्ये व्याख्या, आकृत्या, शास्त्रीय कारणे, सगळं राहू दे. हे १० गुण आले की क्लासवाले शिकवतील, गाईडवाले छापतील, प्रयोगवहीतल्या नोंदी निदान काही शाळांत खऱ्या व्हायला लागतील. गाईडवाले त्याचाही साचा करतील, हे मला ठाऊक आहे. म्हणून तक्ता दर वर्षी नवा हवा, आणि तो तयार करायचं काम एप्रिलमध्ये दारं लावून बसलेल्या समितीकडे न देता राज्यभरच्या शाळांकडून खऱ्या नोंदी मागवून व्हावं. पर्जन्यमापकाच्या, विहिरीच्या पातळीच्या, सावलीच्या, दुधाच्या फॅटच्या. तपासणाऱ्यांचं प्रशिक्षण एका दिवसात उरकणार नाही, त्याला दोन दिवस आणि उत्तरपत्रिकेमागचा मेहनताना थोडा वाढवून द्यावा लागेल. गेल्या खेपेला एका बैठकीत हे मांडलं तेव्हा सगळ्यांनी माना डोलावल्या आणि चर्चा मेहनतान्यावरच अडकली.